एकशे अठ्ठावीसच्या खाली

२ जून

धाकट्या,

फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्या मिनिटाला तू "रेंज जातेय" म्हणतोस. म्हणून कागद. कागदावर तुला मधेच बोलता येत नाही.

तुझा आकडा आठवडाभर पाळला. एकशे अठ्ठावीस. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ, आणि ठोके एकशे अठ्ठावीसच्या वर गेले की घड्याळ कोकलतं. पहिल्या दिवशी बहात्तर वेळा कोकललं. पाण्याच्या टाकीजवळचा चढ मी वीस वर्षं गप्पा मारत चढतेय, तो चालत चढावा लागला. चालत! मंगळवारी एक बाई बाबागाडी ढकलत माझ्या पुढे गेली. बुधवारी एक आजोबा गेले, त्यांच्या मागून त्यांचा कुत्रा. आजोबांचं एक वेळ ठीक, पण कुत्र्याने वळून पाहिलं रे.

मी चोवीस मॅरेथॉन धावलेली बाई आहे. किलोमीटरला साडेसात मिनिटं लावायची तर मी दुकानातच बसून कवळ्यांना पॉलिश करते की. त्याचे निदान पैसे तरी मिळतात.

तुला क्लब सोडून नऊ वर्षं झाली, म्हणून पुन्हा सांगते काय पणाला लागलंय. गेल्या डिसेंबरात मॅरेथॉनमध्ये माझ्या पाठीवरचा चार तासांचा झेंडा, ज्याच्या मागे धावणारा चार तासांत पोचतो तो, चार तास सहा मिनिटांनी पोचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तेहेतिसाव्या किलोमीटरला माझे पाय संपले. पाठीवरच्या काठीला '४:००' तसाच फडफडतोय आणि खाली मी फरपटतेय. मागे चाळीसेक माणसं होती, झेंड्याच्या भरवशावर. शेवटी एक मुलगी जवळ आली. चिडली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "मी घड्याळ घातलंच नव्हतं. तुम्ही होतात ना." सहा महिने झाले, ते वाक्य अजून उतरत नाही.

आता कप्तान म्हणतो, ऑक्टोबरात चाचणी घेऊ. मी आणि हरीण. हरीण म्हणजे क्लबातला नवा मुलगा, वय अठ्ठावीस, गळ्यापासून पाय सुरू होतात. जो जिंकेल त्याचा झेंडा. झेंडा मी देणार नाही, एवढं तू लिहून ठेव. आणि मला सांग, हळू धावून कोणी कधी वेगात आलंय का?

तुझी,
ताई


९ जून

प्रिय ताई,

कुत्र्याबद्दल वाचून तुझी वहिनी इतकी हसली की चहा सांडला. तिने तुला सॉरी सांगितलंय.

आता ऐक. मी दिवसभर इस्पितळात लोकांच्या छातीला तारा चिकटवतो आणि त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली. तुझ्यासारखे जुने धावणारे सगळे एकाच वेगात धावतात. ना हळू, ना जोरात, कायम अर्धवट धापा टाकत. त्याने पाय कणखर होतात, पण शरीर साखर जाळायला शिकतं आणि साखर तेहेतिसाव्या किलोमीटरला संपते. चरबी जाळायला शिकवायचं तर ठोके खाली ठेवून महिनोन्‌महिने धावावं लागतं. सुरुवातीला अपमान होतो. मग त्याच ठोक्यांत वेग आपोआप वाढतो.

तूच मला एकदा सांगितलं होतंस, कवळीचं प्लॅस्टिक पाण्यात हळूहळू तापवलं नाही तर आत बुडबुडे राहतात. वरून चकाचक, आणि पहिल्या कडक घासाला मोडते. गेल्या डिसेंबरात तू मोडलीस ती तशीच. वीस वर्षं घाईत तापवलेली.

एकशे ऐंशीतून वय वजा. एकशे ऐंशी वजा बावन्न, एकशे अठ्ठावीस. सोळा आठवडे, एक ठोका वर नाही. चढ चालत. कोणी पुढे गेलं तर जाऊ दे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके मोज आणि धावण्याच्या आकड्यांबरोबर मला तक्ता पाठव.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस.

तुझा,
धाकटा


५ जुलै

धाकट्या,

तक्ता सोबत आहे. मैदानावरचे आठ किलोमीटर, ठोके एकशे अठ्ठावीसच्या आत: किलोमीटरला सात मिनिटं पस्तीस सेकंदांवरून सात वीसवर आले. खूश?

क्लबात माझं नवीन नाव पडलंय, गोगलगाय. कप्तानाने पाडलं. गोगलगाय, पोटात पाय हे त्याला अजून कळलेलं नाही, कळेल. गुरुवारी सगळे मैदानावर जोराचे फेरे मारतात, तिथे मी जाते, पण कडेकडेने आपली माझी रखडत असते. हरीण परवा विचारत होता, "मावशी, बरं नाही का?" मी त्याची मावशी कधीपासून झाले?

तुझे भाऊजी म्हणतात, तू पूर्वी दमून यायचीस आणि गप्प असायचीस, आता ताजीतवानी येतेस आणि तासभर तणतणतेस, जुनंच बरं होतं. मी म्हटलं, तुम्ही कपाटातली पुस्तकं लावा. ते खरंच जाऊन लावत बसले. ग्रंथपालाशी लग्न केलं की भांडणसुद्धा अर्धंच होतं.

दुकानात एका आजोबांची खालची कवळी तिसऱ्यांदा परत आली. टोचते म्हणे. मी साच्यावर बसवून दहादा पाहिली, कुठे टोचायला जागा नाही. शेवटी त्यांना समोर बसवलं तेव्हा कळलं, ते ती जोरात चावून बसवतात. "हळू मिटा तोंड," म्हटलं. टोचायची थांबली. हे तुला सांगायला नको होतं, तू लगेच त्यातून धडा काढशील.

तुझी,
ताई


१४ जुलै

ताई,

धडा काढत नाही. तक्ता बघतोय.

गुरुवार, अकरा जून: सरासरी एकशे सव्वीस. गुरुवार, अठरा: एकशे सव्वीस. पंचवीस: एकशे सव्वीस. दोन जुलै: एकशे सव्वीस. सगळ्यांत जास्त, चारही वेळा, बरोब्बर एकशे अठ्ठावीस. ताई, माणसाचं हृदय असं वागत नाही. घड्याळ वागतं, तेही नवं असताना.

पण मी त्यावरून पकडलं नाही. सकाळचे ठोके बघ. तुझे एरवी बावन्न-त्रेपन्न असतात. प्रत्येक शुक्रवारी एकसष्ट. एकदा तर चौसष्ट. गुरुवारी जी बाई कडेकडेने रखडते तिचं हृदय शुक्रवारी सकाळी अंथरुणात का धावतंय? धावण्याचे आकडे तू खोटे लिहिलेस, आणि सकाळचे खरे लिहिलेस, कारण तिथे खोटं लिहावं लागेल हे तुला सुचलंच नाही. तू मुळात इतकी सरळ आहेस की तुला नीट फसवताही येत नाही.

रागावलो नाही. वाईट वाटलं. मला फसवलंस तर चालेल, ताई, पण आकड्याला फसवू नये. या सगळ्यात तो एकच आपल्या बाजूने खरं बोलतो. आपण त्याच्याशी खोटं बोललो की मग कोणावर विश्वास ठेवणार?

धाकटा


२२ जुलै

धाकट्या,

हो, पळाले! चारही गुरुवारी पळाले. पट्टा काढून पिशवीत टाकला आणि पळाले. दोन जुलैला पाच किलोमीटरमध्ये हरणाच्या पुढे होते, शेवटच्या वळणापर्यंत. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आणि शुक्रवारी दुकानात दुपारपर्यंत डोळे मिटत होते, एका कवळीला वरचे दात खाली लावले. तेही खरं.

चूक माझी. माफी मागत नाही, पण चूक माझी.

मला हळू धावायची लाज वाटत नाही, ते लोक बघतात याची वाटते. मग ठरवलं, बघू देत. आता गुरुवारीही जाणार. सगळे जोरात धावत असताना बाहेरच्या लेनमधून, घड्याळाचा आवाज पूर्ण मोठा करून, एकशे अठ्ठावीसवर. कप्तानाने कानात बोळे घालावेत. यापुढे एकही खोटा आकडा येणार नाही. दुकानातल्या भट्टीची शपथ घेते, ती माझ्याइतकीच तापट आहे.

ताई


१३ सप्टेंबर

धाकट्या,

बस आधी. बसलास? सहा मिनिटं अडतीस सेकंद. एकशे अठ्ठावीसच्या आत, आठ किलोमीटर, मैदानावर, वाऱ्याच्या दिवशी. जूनमध्ये साडेसात होते!

मला कळलंच नाही कधी झालं ते. आदल्या दिवशी रस्त्याने तोंड मिटून नाकाने श्वास घेत धावत होते. पाण्याच्या टाकीचा चढ आला, मी सवयीने चालायला लागणार, तर घड्याळ गप्प. चढ संपला तरी गप्प. मी मनगट हलवून पाहिलं, बिघडलं का म्हणून. तुझं म्हणणं खरं ठरलं हे लिहिताना माझा हात दुखतोय, तरी लिहिते.

आणि आता नवा फाटा. कप्तानाने नियम काढलाय, पन्नाशीच्या वरच्या झेंडेवाल्यांनी हृदयाचा दाखला द्यायचा. पन्नाशीच्या वर क्लबात झेंडेवाली एकच, त्यामुळे नियम कोणासाठी आहे ते विचारायला ज्योतिषी नको. मी म्हटलं, दाखला काय, आलेख आणून देते, भिंतीवर लाव. मे महिन्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा तू माझ्या तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा बांधून मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं होतंस ना, तो सगळा अहवाल पाठव. तुझ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सहीसुद्धा केली होती. नोव्हेंबरात मला त्रेपन्न पूर्ण होतील, त्याआधीच देऊन टाकते म्हणजे कटकट नको.

ताई


१९ सप्टेंबर

प्रिय ताई,

सहा अडतीस! वा! शाब्बास!

दाखला सोबत आहे, क्लबला एवढा पुरे. अहवाल जुन्या फायलींत गेलाय, शोधावा लागेल. सध्या इथे फार गर्दी आहे. एकशे अठ्ठावीसच चालू ठेव, घाईने वर जाऊ नकोस. झेंड्याचा फार ताण घेऊ नकोस, झेंडा काय, आज आहे उद्या नाही. तब्येत महत्त्वाची.

तुझा,
धाकटा


३ ऑक्टोबर

धाकट्या,

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पाहिली होती. भांडं ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवणारा तू पहिलाच.

तू घाईघाईत पाठवलेल्या दाखल्यावर शिक्का नव्हता. कप्तानाने परत केला. मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना सरळ पत्र लिहिलं, शिक्का मारून द्या म्हणून. बाई व्यवस्थित आहेत, शिक्क्याबरोबर आख्खा अहवाल पाठवला. 'जुन्या फायलींत' गेलेला. आठ दिवसांत मिळाला.

मी अठ्ठावीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून दात बनवतेय. डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या बायकांपेक्षा मला जास्त कळतं. समासात निळ्या शाईने लिहिलंय: हृदय उत्तम. आरामात श्वास चालतो ती हद्द, एकशे एक्केचाळीस.

एकशे एक्केचाळीस!

तोंडावर मुखवटा बांधून, यंत्राने मोजलेला माझा आकडा तुझ्या ड्रॉवरमध्ये, आणि मला शाळकरी वजाबाकी? तेरा ठोके, धाकट्या. चार महिने मी चढ चालत चढले, कुत्र्याकडून बघून घेतलं, गोगलगाय म्हणवून घेतलं, आणि तू तेरा ठोके खिशात घालून बसलास. वर मला सुनावलंस, आकड्याला फसवू नये म्हणून! लोका सांगे ब्रह्मज्ञान. ते पत्र मी ठेवलंय. काल तीनदा वाचलं, तिन्ही वेळा दातओठ खाल्ले.

मी खोटं लिहिलं ते माझ्याबद्दल लिहिलं. तू खोटं लिहिलंस तेही माझ्याबद्दलच. हा फरक तुला कळतो ना?

का केलंस, ते मला कळलंय असं वाटतं. पण तुझ्या हातचं हवंय. आणि 'गर्दी आहे' हे वाक्य आलं तर पत्र उघडं परत पाठवीन, तुझ्या इस्पितळाच्या पत्त्यावर.

ताई


८ ऑक्टोबर

ताई,

गर्दी नाही.

तुझा अहवाल मी तीन वेळा पाहिला. कुठेही काही नव्हतं. इतका स्वच्छ आलेख मी या वर्षात पाहिला नाही. म्हणूनच भीती वाटली.

तू तेव्हा सासरी होतीस, म्हणून तुला हे माहीत नाही. बाबा गेले त्याच्या महिनाभर आधी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली होती. त्यांनी घरी येऊन कागद मला दाखवला. मी एकोणीस वर्षांचा होतो. 'हृदय उत्तम' असं लिहिलं होतं. बाबा म्हणाले, बघ, अजून तीस वर्षं तुम्हाला छळणार. मग तो जिना. त्रेपन्न. त्याआधी काका एकावन्न, आजोबा तर पन्नाशीही नाही. ताई, मी रोज लोकांना स्वच्छ आलेख देतो आणि 'काळजी करू नका' म्हणतो. ते माझं काम आहे. पण कागदावर तुझं नाव आणि वय बावन्न दिसलं तेव्हा माझा हात थांबला. वजाबाकी मला सोयीची पडली. खोटीही नव्हती, लोक वापरतात ती. मी म्हटलं, जितके ठोके कमी तितकं बरं.

अजून एक सांगतो, आता लपवून काय करू. मी धावणं सोडलं ते गुडघ्यामुळे नाही. गुडघा सहा महिन्यांत बरा झाला होता.

तुझ्याकडे मागतो ते एकच. चाचणी दे, जिंक, हरणाची जिरव. पण डिसेंबरात झेंडा घेऊ नकोस. एक वर्ष थांब. हे त्रेपन्न सरू दे. मग तू म्हणशील ते.

धाकटा


२७ ऑक्टोबर

धाकट्या,

नाही.

हे आधी लिहिते, म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल.

तुझं पत्र वाचून मी रडले. तुझ्या भाऊजींनी पाणी आणून दिलं. बाबांनी तो कागद तुला दाखवला आणि ते ओझं तू अठ्ठावीस वर्षं एकट्याने वाहिलंस, हे मला माहीत असतं तर मी तुला आधीच दोन शिव्या घातल्या असत्या आणि मग जवळ घेतलं असतं. पण माझं उत्तर नाही असंच आहे. वाईट अहवाल आला तर धावू नकोस, चांगला आला तर जास्तच धावू नकोस, असं असेल तर मला पळवून तपासलंस कशाला? उशीला टेकून त्रेपन्न सरायची वाट बघत बसू? बाबा धावताना गेले नाहीत रे, जिना चढताना गेले. मग जिनेही सोडू? मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

बाईंना मी पुन्हा लिहिलं. घरातल्या तिघांची वयं कळवली, काही लपवलं नाही. त्यांनी मला बोलावून पुन्हा तपासलं, आतून फोटो काढले. हो, मी तुझ्या गावी आले होते, एकोणीस तारखेला, आणि तुला न भेटता परत गेले, कारण तुझा चेहरा बघितला असता तर मी विरघळले असते. बाई म्हणाल्या, धावा, दर वर्षी येऊन दाखवा. मी म्हटलं येईन. तेवढं मी करीन. भीतीने नाही, हिशेबाने.

आता चाचणीचं ऐक. मी तीन आठवडे माझ्या खऱ्या आकड्यावर धावले. पहिल्याच दिवशी एकशे एक्केचाळीसवर किलोमीटरला पाच बावन्न. मग पाच पंचेचाळीस. मग पाच एक्केचाळीस, म्हणजे नेमका चार तासांचा वेग, आणि मी नाकाने श्वास घेतेय! तुझे तेरा ठोके अगदीच वाया गेले नाहीत, हे तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सांगते. पाया खोल गेला. पण त्याचं श्रेय तुला नाही, मला आहे, कारण रखडले मी.

तीस किलोमीटर, पाठीवर झेंडे, प्रत्येक किलोमीटर पाच एक्केचाळीसच्या आसपास. क्लबाची जुनी रीत तुला आठवत असेल. शेवटच्या पाच किलोमीटरला कप्तान सायकलवरून शेजारी येतो आणि प्रश्न विचारतो. ज्याला पूर्ण वाक्यात उत्तर देता येत नाही त्याला झेंडा नाही, कारण दमलेला झेंडेवाला माणसांना धीर कसा देणार?

हरीण पहिले दहा किलोमीटर पाच तीसने गेला. त्याला हळू धावता येत नाही, बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नाही. सव्विसाव्या किलोमीटरला कप्तानाने त्याला विचारलं, "काल रात्री काय जेवलास?" तो म्हणाला, "भा." पुढे काही आलं नाही. भात की भाजी, कोणालाच कळलं नाही.

मग सायकल माझ्याकडे आली. "काय गोगलगाय, कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "मला उत्तम वाटतंय, कप्तान, आणि तुम्ही विचारलंच आहे म्हणून पूर्ण वाक्यात सांगते. गेल्या डिसेंबरात मी चाळीस माणसांना फसवलं, त्याची लाज मला आहे. पण पन्नाशीचा नियम तुम्ही फक्त माझ्यासाठी काढलात, त्याची लाज तुम्हाला असायला हवी, कारण तुम्ही स्वतः एकसष्ट वर्षांचे आहात आणि सायकलवरसुद्धा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दम लागलाय." आणि मग मी अजून दोन किलोमीटर बोलत होते. शेवटी तोच म्हणाला, "पुरे, पुरे, झेंडा घे."

झेंडा माझा आहे. तेरा डिसेंबर. तू येऊ नकोस. चेहऱ्यावर ती भीती घेऊन रस्त्यात उभा राहशील आणि माझे ठोके वाढतील.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

आलो होतो. तू नको म्हणालीस म्हणून तुला कळवलं नाही. मी तेहेतिसाव्या किलोमीटरला उभा होतो, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. रात्रभर झोप नव्हती. मनात एकच होतं, झेंडा वाकडा दिसला की धावत जायचं.

आधी झेंडा दिसला. सरळ होता. मग आवाज आला. तू कोणाला तरी ओरडत होतीस, "खांदे सोड, खांदे! घरी जाऊन ताठ हो!" तुझ्या भोवती तीस-पस्तीस माणसं, पावलं एका तालात. तू माझ्यासमोरून गेलीस आणि मला पाहिलं नाहीस. माझे पाय आपोआप निघाले. इस्त्रीची पँट, ऑफिसचे बूट. दोन किलोमीटर धावलो मी तुमच्या मागे, नऊ वर्षांनी. कोणीतरी मला पाण्याचा ग्लास दिला. मनगटावर बघितलं तर एकशे चौऱ्याहत्तर. मी थांबलो, एका बाकावर बसलो आणि काहीच झालं नाही. नुसता दम लागला होता. दहा मिनिटांत तोही गेला.

गाडीची वेळ झाली म्हणून शेवट बघता आला नाही. निकालाचा पेपरात नुसता आकडा आहे. तू सांग.

धाकटा


२० डिसेंबर

धाकट्या,

पाहिलं होतं तुला. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तू असा उभा होतास की मला वाटलं आता हा आपल्याला गोळी देतो. ठोके सहाने वाढले, घड्याळात नोंद आहे. मुद्दाम मान वळवली नाही. तू मागे धावायला लागलास तेही कळलं, ते बूट अर्ध्या गावाला ऐकू येत होते. मला इतका आनंद झाला की एक किलोमीटर पाच पस्तीसचा गेला, आणि लोक बोंबलायला लागले. पुढचा भरून काढला.

अडतीसला दुखायला लागलं. खोटं कशाला सांगू, मॅरेथॉन आहे ती, दुखणारच. पण संपले नाहीत पाय. चाळीसला मी सगळ्यांना म्हटलं, ज्याच्यात आहे त्याने माझ्या पुढे जा, झेंड्याची भीड धरू नका. अकरा जण गेले. बाकीच्यांना घेऊन मी आले. तीन तास एकोणसाठ मिनिटं बावीस सेकंद. माझ्यामागे राहिलेले चोवीसच्या चोवीस आत. एक जाडसर शिक्षक माझ्या गळ्यात पडून रडले, त्यांचं नावही मला माहीत नाही. गेल्या वर्षीची मुलगी त्यांच्यात नव्हती. तिला मी शोधणार आहे.

संध्याकाळी क्लबात चहा होता. कप्तान उठला, माझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलला, आणि मग म्हणाला, अशा उंचीवर असताना मानाने थांबणं फार थोड्यांना जमतं, तर यंदा ताईंचा निरोप समारंभ करू या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणानेसुद्धा. गोड बोलून गळा कापतात तो हाच.

मी टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हटलं, पुढच्या वर्षीचा फॉर्म द्या. कप्तान म्हणाला, अजून छापले नाहीत. म्हटलं, यंदाचा द्या, साल मी खोडते.

तिथेच चहाच्या टेबलावर भरला, सगळे बघत असताना. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. शर्यतीच्या दिवशीचं वय, असा रकाना आहे. तिथे माझा हात जरा थांबला, तुझा थांबला होता तसा. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, रकान्याच्या बाहेर जाईल इतकं मोठं: चोपन्न.

बाबांच्या घरातल्या कोणी आजवर हा आकडा लिहिला नव्हता, धाकट्या. मी लिहिला. आता तू ये मागून.

तुझी,
ताई